फळावांचून कर्म

संगणकावरील खेळ म्हटले कीं वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. मग त्या खेळांत पदरीं आलेल्या निराशेची कहाणी कोण ऐकून घेणार? आम्ही स्वतः हे खेळ खेळत नाहीं. परंतु घरांतील तरुण मुलांच्या शेजारीं बसून ते पुष्कळदां पाहिले आहेत, आणि खेळणारांची एक तक्रार आम्हांस खरोखर विचारार्ह वाटते. ती अशी कीं, ‘खेळानें आम्हांस निवड करावयास लावली, पण त्या निवडीचें पुढें कांहींच झालें नाहीं.’

ज्या खेळांविषयीं ही तक्रार आहे, त्यांत खेळणारा एखाद्या अद्भुत कथेंतील नायकाची भूमिका घेतो. शरण आलेल्या शत्रूस मारावें कीं सोडावें, मित्राची बाजू घ्यावी कीं न्यायाची, असे प्रश्न जागोजाग त्याच्यापुढें येतात. कादंबरीचा वाचक नायकाची चूक नुसती पाहतो. येथें ती चूक खेळणाराची स्वतःची असते. ह्या खेळांचें वैशिष्ट्य तें हेंच.

उदाहरण घेऊं. कॅनडांतील ‘बायोवेअर’ कंपनीचा ‘ड्रॅगन एज टू’ हा खेळ २०११ सालीं निघाला. त्यांत कर्कवॉल नगरींतील जादूगार आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारे ‘टेंप्लर’ योद्धे यांचें वैर विकोपास जातें, आणि अखेरीस नायकास एक पक्ष निवडावा लागतो. खेळणारा दोन्ही पक्षांचे गुणदोष तोलून निर्णय करतो. पण होतें काय? जादूगारांचा पक्ष घेतला तरी त्यांचा प्रमुख ऑर्सिनो निषिद्ध विद्येनें राक्षसरूप होऊन उलटतो. टेंप्लरांचा घेतला तरी त्यांची प्रमुख मेरेडिथ हिच्याशीं लढा चुकत नाहीं. वाट कोणतीही धरा, दोघांशींही लढावेंच लागतें. ह्याच मालिकेच्या २०१४ मधील ‘इन्क्विझिशन’ ह्या भागाच्या वेळीं मागील निर्णय नोंदवून पुढें नेण्याची खास सोय केली होती. त्यानंतर दहा वर्षांनीं, २०२४ सालीं, ‘द व्हेलगार्ड’ आला, आणि त्यांत मागील खेळांचे अवघे तीन निर्णय जमेस धरले गेले!

आपल्या दर्शनकारांनीं ह्या दोषास फार पूर्वींच नांव देऊन ठेवलें आहे. केलेल्या कर्माचें फळ न मिळणें हा ‘कृतनाश’, आणि न केलेल्या कर्माचें फळ माथीं येणें हा ‘अकृताभ्यागम’. हे दोन दोष ज्या व्यवस्थेंत शिरतात, तेथें धर्माधर्माचा विचारच निरर्थक होतो, असें त्यांचें म्हणणें. ऑर्सिनोस वांचविणारा खेळाडू त्याच्याच हातचे घाव सोसतो, तेव्हां हे दोन्ही दोष त्याच्या वांट्यास एकदम येतात.

खेळ रचणारांची अडचणही न्यायानें पाहिली पाहिजे. प्रत्येक प्रश्नास दोनच वाटा फुटल्या, तरी दहा प्रश्नांअंतीं १०२४ वाटा होतात. त्या सर्वांकरितां निराळे संवाद, निराळीं चित्रें आणि निराळे आवाज कोठून आणावयाचे? म्हणून फुटलेल्या वाटा पुन्हां एकत्र आणाव्याच लागतात. परंतु फळ म्हणजे शेवट बदलणें एवढेंच नव्हे. युधिष्ठिराच्या अर्धसत्यानंतरही युद्धाचा निकाल पांडवांच्याच बाजूनें लागला. पण जमिनीपासून चार अंगुळें वर चालणारा त्याचा रथ खालीं टेकला. शेवट तोच राहिला, पण कर्माची खूण उरली. खेळणाराची मागणी तरी याहून अधिक कोठें आहे?

ती मागणी पुरवितां येते, हें पोलंडांतील ‘सीडी प्रोजेक्ट’ कंपनीच्या २००७ सालच्या ‘द विचर’ ह्या खेळावरून दिसतें. त्यांत नायक एका व्यापाऱ्याच्या मालाची राखण करीत असतां, ‘एल्फ’ नांवाच्या कल्पित जातीचे बंडखोर तो माल मागतात. त्यांस तो नेऊं दिला, तर पुढच्या प्रकरणांत त्यांतल्याच शस्त्रांनीं एका माणसाचा खून होतो. असले खेळ मागें नेऊन झालेली चूक पुसतां येते खरी. पण फळ इतक्या उशिरा आलें कीं ती पळवाट बंद होते. खेळणारा हळहळतो, मात्र आपण फसविले गेलों, असें त्यास वाटत नाहीं.

म्हणून मुलगा खेळ संपवून हिरमुसला होऊन उठला आणि ‘मग मला विचारलें तरी कशाला?’ असें म्हणाला, तर पालकांनीं हंसूं नये. तो लाड मागत नसून जबाबदारी मागत आहे. आणि तोच प्रश्न आपल्यालाही लागू पडतो कीं काय, तें पाहावें. मुलानें पुढें कोणती विद्याशाखा घ्यावी, मुलीनें कोणतें स्थळ पत्करावें, हें आपण त्यांस मोठ्या प्रेमानें विचारतों. पण कित्येक घरांत उत्तर ऐकण्यापूर्वींच निर्णय झालेला असतो. खेळांतली फसवणूक चार दिवसांत विसरली जाते; घरांतली विसरली जात नाहीं. ज्याच्या निवडीला कधींच फळ येऊं दिलें नाहीं, त्यानें मोठेपणीं विचारपूर्वक निवड करावी, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडानें करावी?