मेलवरची तारीख

पत्राच्या उजव्या कोपऱ्यात आधी तारीख घालायची, हे आपल्याला शाळेतच शिकवलेलं. ईमेललाही 'डेट' नावाची अशी ओळ लागते; नियमाने ती सक्तीचीच आहे. आपण हाताने मेल पाठवली की ती आपोआप पडते. प्रोग्रॅम मेल पाठवणार असेल, तर ती नीट पडते आहे ना, हे तो लिहिणाऱ्याने पाहायचं.

मी ते पाहिलं नव्हतं. इथे न्यू जर्सीत एका ऑक्टोबरात दिवाळी पहाटेचा हॉल आदल्या दिवशी बदलला. माझ्या प्रोग्रॅमने संध्याकाळी पाचला सगळ्यांना कळवलं. वेळ इथलीच लिहिली, १७:००, पण पुढे मी +०००० जोडलं, म्हणजे ग्रीनिचची वेळ. उन्हाळी वेळेत आपण ग्रीनिचच्या चार तास मागे. त्यामुळे ती मेल काहींच्या यादीत दुपारी एकची ठरली आणि तीन वाजता गेलेल्या, जुना पत्ता असलेल्या मेलच्या खाली जाऊन बसली. सकाळी एक आजी-आजोबा करंज्यांचा डबा घेऊन बंद हॉलच्या दाराशी थंडीत उभे होते.

घरात कोणी कोड लिहायला शिकत असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा.

पहिलं, तारखेची ओळ स्वतः जुळवू नका. वार आणि महिना इंग्रजी तीन अक्षरांतच लागतात, संगणक मराठीत असला तरी. पायथॉनमध्ये त्यासाठी 'फॉरमॅट_डेटटाइम' हे तयार फंक्शन आहे.

दुसरं, त्याला वेळ देण्याआधी तिला टाइम झोन जोडा. नाही जोडला तर शेवटी -०००० येतं. म्हणजे पाठवणाऱ्याकडे किती वाजले होते, ते कळतच नाही.

तिसरं, -०४०० हाताने लिहू नका. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात आणि त्याचं -०५०० होतं. भारताचं +०५३० मात्र बारमाही. म्हणून झोनचं नावच द्या, 'अमेरिका/न्यूयॉर्क'. आकडा संगणक काढेल.

यंदाच्या आमंत्रणाची मेल आली की तिचा मूळ मजकूर उघडून 'डेट'ची ओळ शोधा. मग मुलांना विचारा, तेव्हा पुण्यात आजीकडे किती वाजले होते? आणि हो, हॉलचा पत्ताही एकदा वाचून घ्या!