चेहरा कशाने धुवायचा?

बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब आटोपला की कुणीतरी विचारतंच, "बाई, तोंडाला कोणता साबण बरा?" कुणाची त्वचा ओढल्यासारखी होते, कुणाचा तेलकटपणा जात नाही. दुसरीला मानवलेला फेसवॉश आपल्यालाही मानवेलच असं नाही. म्हणून पैसे देण्याआधी आपली त्वचा ओळखू या.

चेहरा साध्या पाण्यानं धुवा, टिपून घ्या आणि तासभर काहीही लावू नका. सगळीकडे ओढल्यासारखं वाटलं तर त्वचा कोरडी. सगळीकडे चमक आली तर तेलकट. कपाळ, नाक, हनुवटी चमकते आणि गाल कोरडे राहतात, ती मिश्र. आग, खाज, लाली येत असेल तर नाजूक.

कोरड्या त्वचेला ग्लिसरीन असलेला, कमी फेसाचा फेसवॉश घ्या. तेलकट त्वचेला जेलसारखा चालतो. मुरुमं असतील तर सॅलिसिलिक ॲसिड लिहिलेला पाहा. मिश्र त्वचेला सौम्य फेसवॉश पुरे. नाजूक त्वचेला बिनवासाचाच घ्यावा. कोणताही नवा फेसवॉश आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून, धुवून, एक दिवस थांबा.

फेसवॉश परवडत नसेल तर अंघोळीचा चांगला साबण चालतो. वेष्टनावर टीएफएम लिहिलेलं असतं. ७६ टक्के किंवा जास्त असेल तो पहिल्या दर्जाचा. कपडे धुण्याची वडी मात्र तोंडाला लावू नका. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, साबण क्षारधर्मी. कडक साबणानं त्वचेचं स्वतःचं तेल निघून जातं. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा थर त्वचेवर राहतो. तेव्हा साबण कमी आणि पाणी जास्त. दिवसातून दोनदा धुणं पुरेसं आहे. बेसन चालेल, पण जोरात घासू नका. लिंबू लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजते.

आता महत्त्वाचं. २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी, शेतमजूर दगावले. पंपासाठी पाणी वाहणं, फवारणीचे कपडे धुणं ही कामं आपणच करतो. औषध अंगावर उडालं तर तेलकट की कोरडी हा विचार करू नका. कपडे बदला, भरपूर पाणी आणि साबणानं लगेच धुवा. डोळ्यात गेलं तर किमान पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहा. मळमळ, चक्कर, धूसर दिसणं सुरू झालं तर औषधाची बाटली किंवा लेबल घेऊन लगेच दवाखाना गाठा.

दुसरं, गोरं करणारं मलम. त्यात बेटामेथासोनसारखं स्टेरॉइड असू शकतं. आधी चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाली येते, मुरुमं वाढतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते घेऊ नका. बरेच दिवस लावत असाल तर ते कसं थांबवायचं हेही डॉक्टरांनाच विचारा.

आम्ही आमच्या गटात सांगतो तेच इथंही सांगतो: चेहरा स्वच्छ हवा, गोरा कशाला? पुढच्या बैठकीला घरातल्या साबणाचं वेष्टन सोबत आणा, मिळून वाचू.