सोळा बिटांची चूक आणि न्हावा शेव्याची कोंडी

उरला-सिलतऱ्यातलं पोलाद असो की गिरण्यांतला तांदूळ, रायपूरचा माल परदेशी निघाला की विशाखापट्टणम, न्हावा शेवा अशा लांबच्या बंदरांवर विसंबून असतो. छत्तीसगडला समुद्रच नाही. म्हणून 27 जून 2017 च्या मंगळवारी न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरात जे घडलं, ते इथल्या व्यापारालाही परकं नव्हतं. मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाकडे असलेलं तिथलं 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' ठप्प झालं. कोणता कंटेनर कुणाचा, हे सांगणारी संगणक यंत्रणाच बंद पडली आणि जमेल तेवढं काम हातानं करायची वेळ आली.

ही यंत्रणा बंद पाडणारा सायबर हल्ला खरं तर युक्रेनवर होता. तिथल्या एका लोकप्रिय हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्राम शिरला आणि मर्स्कच्या जगभरच्या जाळ्यात पसरला. पसरायला त्याच्याकडे दोन-तीन वाटा होत्या. त्यांतली एक विंडोजच्या कोडमधली जुनी चूक होती.

ही चूक नीट समजून घ्यायला हवी. फायली आणि प्रिंटर वाटून घेण्यासाठी विंडोजमध्ये एसएमबी नावाची व्यवस्था आहे. तिच्या पहिल्या आवृत्तीत ओएस/2 या मागे पडलेल्या प्रणालीसाठी ठेवलेला कोड होता. बाहेरून आलेल्या यादीचा आकार तिथे 32 बिटांत नोंदलेला असे. यादी छाटल्यावर नवा आकार लिहिताना मात्र फक्त खालचे 16 बिट बदलले जात. वहीत 1,00,000 च्या जागी 99,900 लिहायचे आणि डावीकडचा 1 खोडायचा राहून जायचा, तसं हे. वाचणारा 1,99,900 वाचणार. मेमरीत जागा घेतली जाई छाटलेल्या यादीपुरती, नक्कल होई फुगलेल्या आकड्याइतकी. उरलेला मजकूर शेजारच्या मेमरीवर सांडे, तोही थेट कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात. पासवर्ड नको, कुणी काही उघडायला नको. 445 क्रमांकाचं पोर्ट खुलं असलं की पुरे.

या चुकीवर बेतलेलं 'इटर्नलब्लू' हे हत्यार अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतून चोरीला गेलेलं. मायक्रोसॉफ्टनं 14 मार्च 2017 ला पॅच दिला, 14 एप्रिलला 'शॅडो ब्रोकर्स' या हॅकर गटानं हत्यार उघड्यावर टाकलं, 12 मेला ते वापरणारा 'वॉनाक्राय' हा घातक प्रोग्राम सुटला. दीडशे देशांत दोन लाखांहून जास्त संगणक, ब्रिटनची रुग्णालयं, आपल्याकडे आंध्र पोलिसांचे संगणक त्यात सापडले. दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टनं आधार केव्हाच काढून घेतलेल्या विंडोज एक्सपीलाही पॅच दिला. तरीही जूनमध्ये नॉटपेट्याला तीच वाट पुन्हा वापरता आली.

पॅच येऊन तेव्हा 105 दिवस झाले होते. अपडेट न करणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे, पण मला ते अपुरं वाटतं. चालू यंत्र थांबवायची भीती बंदरातही असते, रुग्णालयातही. शिवाय नॉटपेट्या एका यंत्रात शिरला की तिथले पासवर्ड उचलून पॅच केलेल्या शेजाऱ्यांकडेही जाई. मर्स्कला 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्यानं उभे करावे लागले. कंपनीनं नुकसान 25 ते 30 कोटी डॉलर सांगितलं. हे ओझं मूळ कोड लिहिणाऱ्यांवर आलं नाही. ते पडलं मर्स्कवर आणि मालाची वाट बघणाऱ्यांवर.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या विंडोज 10 पासून एसएमबीची पहिली आवृत्ती मुळात बसवणंच बहुतेक ठिकाणी थांबलं. हे फार आधी व्हायला हवं होतं. पण मार्च 2020 मध्ये तिसऱ्या आवृत्तीतही आकाराच्या बेरजेचीच चूक निघाली आणि ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या आयपीव्ही6 कोडमध्ये वजाबाकीची. मायक्रोसॉफ्टच्याच अभियंत्यांनी 2019 मध्ये सांगितलं होतं की दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या त्रुटींपैकी सुमारे 70 टक्के मेमरीच्या असतात. सी आणि सी++ या भाषा मेमरीची मर्यादा पाळण्याबाबत प्रोग्रामरवर विश्वास टाकतात; रस्टसारखी भाषा मर्यादेबाहेरचं लिखाण सहसा होऊच देत नाही. डिसेंबर 2022 च्या लिनक्स 6.1 पासून कर्नलमध्ये रस्टला जागा मिळाली आहे. जुन्या सी कोडचा डोंगर मात्र अजून तसाच आहे, आणि बंदरं त्यावरच चालतात.