जूनिपर : हिमालयातील धुपाचे झाड

‘सुरू’ म्हटले की मराठी वाचकाला कोकणच्या किनाऱ्यावरील सुरूची बने आठवतात. परंतु तो वृक्ष सपुष्प वनस्पतींपैकी आहे. फारसी काव्यातील ‘सर्व’ वृक्षाशी त्याचे नाते केवळ नावापुरतेच. खरे सायप्रस कुल प्रकटबीज वनस्पतींचे. आपल्या बागांतून लावली जाणारी मोरपंखी या कुलातील आहे, आणि लाहूल व लडाखच्या पर्जन्यहीन उतारांवर सुमारे ३,००० ते ४,००० मीटर उंचीवर वाढणारा जूनिपरही याच कुलातील होय. लडाखमध्ये त्याला ‘शुक्पा’ म्हणतात. हेमिस शुक्पाचन या गावाच्या नावातच हा वृक्ष आहे.

इंग्रजीतील ‘पेन्सिल सीडर’ या नावामुळे पुष्कळांची समजूत होते की हा देवदाराचाच एक प्रकार असावा. तसे नाही; देवदार पाइनच्या कुलातला. जूनिपर ओळखण्याची सोपी खूण म्हणजे त्याची पाने. कोवळ्या रोपावर ती सुईसारखी टोकदार असतात. झाड प्रौढ झाले की डहाळीला घट्ट चिकटलेली, खवल्यांसारखी बारीक पाने येतात. एकाच झाडावर दोन्ही प्रकारची पाने दिसली तर गोंधळून जाऊ नये. याच वंशातील ‘सामान्य जूनिपर’ नावाच्या झुडपाची पाने मात्र जन्मभर सुईसारखीच राहतात व तीन-तीनच्या मंडलांत येतात. देवदाराला लाकडासारखे कठीण शंकू येतात, तर जूनिपरच्या शंकूचे खवले मांसल होऊन एकमेकांत मिसळतात आणि निळसर-काळे, बोराच्या आकाराहून लहान असे ‘फळ’ तयार होते. नर व मादी झाडे बहुधा वेगवेगळी असल्यामुळे प्रत्येक झाडाला ती लागत नाहीत.

गोंपांमध्ये आणि घरोघरी सकाळी या डहाळ्यांचा धूप जाळतात. लाकूड सुगंधी व टिकाऊ असल्याने पूर्वी घरबांधणीत आणि कडाक्याच्या थंडीत सरपण म्हणूनही ते वापरले गेले. तोडलेल्या झाडाची जागा दुसऱ्याने भरून निघाली असती तर यात काही बिघडले नसते. अडचण नेमकी तेथेच आहे.

जूनिपरच्या बियांपैकी अनेक आतून पोकळ असतात. ज्या भरीव असतात त्यांचे कवच कठीण असते व आतील गर्भही सुप्तावस्थेत असतो. म्हणून रोपवाटिकेत प्रथम गर काढून बी पाण्यात टाकतात. पोकळ बी बरेचसे तरंगते, ते फेकून देतात. उरलेले बी ओलसर वाळूत काही काळ उबेत आणि नंतर काही महिने थंडीत ठेवावे लागते. एवढे करूनही पुष्कळदा दुसऱ्या वसंत ऋतूपर्यंत वाट पाहावी लागते. निसर्गात फळे खाणारे पक्षी गर पचवून बी दूरवर टाकतात. पुढे उगवलेल्या रोपाला शेळ्यामेंढ्यांपासून जपावे लागते, आणि तेही वर्षानुवर्षे, कारण त्याची वाढ अतिशय मंद असते. याउलट वाळुंज, म्हणजे तेथील विलो, याची फांदी ओल्या जमिनीत रोवली तरी मुळे धरते. लाहूलच्या शेतकऱ्याने सरपण व चारा यांसाठी त्याला जवळ केले यात नवल ते काय? विलोने जूनिपरवरील ताण हलका केला, हेही मान्य केले पाहिजे. धुपाची गरज मात्र तो भागवू शकत नाही.

आयुर्वेदातील ‘हपुषा’ म्हणजे सामान्य जूनिपरची फळे, असे मानतात. ती मूत्रल व पाचक म्हणून वापरली जातात. युरोपात जिन नावाच्या मद्याला त्यांचाच स्वाद देतात. गर्भवतींनी व मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ती घेऊ नयेत. शिवाय सॅबिन जूनिपरसारख्या विषारी जातीही या वंशात असल्यामुळे, अनोळखी झुडपाची फळे तोंडात टाकणे धोक्याचे आहे. फळे पिकण्यास एकाहून अधिक वर्षे लागत असल्याने एकाच फांदीवर हिरवी व निळी फळे शेजारी शेजारी असतात. फांदी झोडपणारा पुढील वर्षाचे पीकही खाली पाडतो. म्हणून निळी तेवढी हाताने वेचावीत, आणि धुपासाठी शेंडा न छाटता बाजूच्या डहाळ्याच घ्याव्यात.