काका, गादी आणि कळव्याचा पूल

आमच्या सकाळच्या फास्टला लेडीज डब्यात सध्या एकच ज्वलंत प्रश्न चर्चेत असतो. गादीवर हक्क कोणाचा? ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ बघणाऱ्या चौघीजणी आहेत. दोघी राजकन्येच्या पार्टीत, दोघी सावत्र भावाच्या. राजाने आधी मुलीला वारस नेमलं, मग दुसऱ्या बायकोला मुलगा झाला, मग राजा गेला... पुढे ड्रॅगन, आगी, मुडदे. आणि एक काका, ज्याला पहिल्यापासून वाटतंय की ही खुर्ची खरं तर आपलीच होती.

“काय इमॅजिनेशन आहे ना बॉस,” परवा एकजण म्हणाली. गाडी तेव्हा नेमकी कळवा सोडून खाडीच्या पुलावर आली होती. मला हसू आलं. कारण डोंबिवली-कल्याणहून निघालेले आपण सगळे जण रोज सकाळी, एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात डबा सांभाळत, एका खऱ्याखुऱ्या वारसायुद्धाने आखलेली बॉर्डर क्रॉस करतो. ड्रॅगन नाहीत, पण काका आहे. तोही कसला!

हे वेड माझ्या डोक्यात शिरायलाही एक काकाच कारण आहे. माझा सख्खा काका. त्याच्यावर येतेच, आधी पुण्याला जाऊन येऊ.

टोटल फिल्मी

राघोबादादांना शाळेच्या पुस्तकाने आपल्या मनात कायमचं व्हिलन करून टाकलंय. पण जरा त्यांच्या बाजूने बघा. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत नेणारा हा माणूस. थोरला भाऊ नानासाहेब पेशवा. पानिपतानंतर काही महिन्यांतच, जून १७६१ मध्ये, नानासाहेब गेले आणि पेशवाईची वस्त्रं मिळाली सोळा वर्षांच्या पुतण्याला, माधवरावाला. म्हणजे बघा, कंपनीतला सर्वात सीनियर, सर्वात मोठी डील करून आलेला माणूस, आणि चेअरमनच्या टीनएजर मुलाला त्याचा बॉस करून टाकलाय. कोणाचं डोकं फिरणार नाही?

दादांचं फिरलं. १७६२ मध्ये त्यांनी थेट निजामाची मदत घेऊन आळेगावला पुतण्याला नमवलं. पण पुतण्या भारी निघाला. १७६८ मध्ये त्याने धोडपला काकाचा पराभव केला आणि त्याला शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवलं. माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेला. त्याच्या जागी आला धाकटा भाऊ नारायणराव. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, पगार थकलेले गारदी वाड्यात घुसतात, अठरा वर्षांचा पोरगा पळत पळत काकाच्या खोलीत जातो आणि त्याला मिठी मारतो. ‘काका, मला वाचवा.’

काका वाचवत नाही.

‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईने केलं, ही गोष्ट मात्र मला कधीच पटली नाही. त्याला ठोस पुरावा नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोषी ठरवलं ते दादांना. त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. तरी गावभर नाव झालं ते बाईचंच. घरातल्या पुरुषांच्या भांडणाचं खापर सुनेवर फोडण्याची आपली परंपरा चांगली अडीचशे वर्षं जुनी आहे तर!

आमचा पानिपत

आता माझा काका. डोंबिवली वेस्टला आजोबांनी बांधलेलं दुमजली घर आहे. खाली आम्ही, वर काका. लहानपणी लाइट गेले की काका जिन्यात बसून आम्हा पोरांना ही गोष्ट सांगायचा. मी नारायणराव व्हायचे, तो राघोबा. मी ओरडत जाऊन त्याला मिठी मारायची आणि तो मला न मारता गुदगुल्या करायचा.

आजोबा गेले, घर रीडेव्हलपमेंटला काढायचं ठरलं आणि हिश्श्यावरून बाबा आणि काका बोलायचे बंद झाले. दोन वर्षं झाली. घरातला गणपती गेली दोन वर्षं वरही बसला आणि खालीही. दोन मूर्ती, दोन आरत्या, एकाच वेळी. शेजारचे म्हणतात, तुमच्याकडे स्टिरिओ आहे.

मध्यंतरी बिल्डरचा माणूस मला एकटीला भेटला. वयाने माझ्याएवढाच, गोड बोलणारा. “मॅडम, तुमच्या काकांना आम्ही समजावतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका. फक्त रस्त्याच्या बाजूची जागा आमच्याकडे राहील.” ऑफर चांगली होती. अगदी खरं सांगायचं तर मला मोह झाला. त्याच आठवड्यात एका लेखासाठी ठाण्याच्या किल्ल्याची माहिती काढत होते, आणि वाचता वाचता थांबले.

किल्ला कुठे गेला?

ठाण्याला किल्ला आहे हे निम्म्या ठाणेकरांना माहीत नसतं. असणार कसं? आतमध्ये सेंट्रल जेल आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, आणि दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा सगळं साष्टी बेट पक्कं झालं. साष्टी म्हणजे आजचं ठाणं, मुलुंड, भांडुपपासून पार वांद्र्यापर्यंतचा पट्टा. मुंबईच्या इंग्रजांना हे बेट हवंच होतं. १७७२ मध्ये त्यांनी मॉस्टिन नावाचा वकील पुण्यात आणून बसवला, त्याच्याही अजेंड्यावर साष्टी आणि वसई होतीच. मराठे देईनात. इंग्रज वाट बघत राहिले. घरात भांडण होईपर्यंत.

ते झालं. नारायणरावाच्या खुनानंतर दादा पेशवे झाले खरे, पण विधवा गंगाबाईला दिवस गेले होते. नाना फडणीस, सखारामबापू वगैरे मंडळींनी बारभाईंचं कारस्थान रचलं आणि तिला पुरंदरवर नेऊन सुरक्षित ठेवलं. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला. सवाई माधवराव. चाळीस दिवसांचा असताना त्याला पेशवा केला. पाळण्यातला सीईओ! दादांच्या मागे फौजा लागल्या आणि ते गुजरातेकडे पळाले. सोबतची आनंदीबाई गरोदर, तिला धारच्या किल्ल्यात ठेवावं लागलं.

दादांनी इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रज म्हणाले, साष्टी आणि वसई द्या. दादा अडले. अटकेपर्यंत गेलेला माणूस, वडिलांच्या आणि चुलत्याच्या पिढीने कमावलेलं ते कसं देणार? तो आत्ता नाही, मग बघू, असं करत राहिला. मला हा क्षण फार खरा वाटतो. भांडणात आपण सगळेच असे असतो. घर मोडायचं नसतं, फक्त जिंकायचं असतं.

आणि इंग्रज थांबलेच नाहीत. पोर्तुगीजांचं आरमार साष्टी परत घ्यायला येतंय अशी बातमी होती. ते निमित्त करून डिसेंबर १७७४ मध्ये मुंबईहून फौज निघाली आणि महिना संपायच्या आत ठाण्याचा किल्ला पडला. पहिला हल्ला आतल्या लोकांनी परतवला होता. दुसऱ्यात किल्ला गेला आणि शिबंदीची भयंकर कत्तल झाली. त्या शिपायांपैकी कोणालाही पेशवा कोण होणार याने काय फरक पडणार होता?

सही झाली ती नंतर, मार्च १७७५ मध्ये सुरतेला. म्हणजे पझेशन आधी, ॲग्रीमेंट मागून. त्याच काळात, जानेवारी १७७५ ला, धारला आनंदीबाईला मुलगा झाला. त्याचं नाव बाजीराव. लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

तह बदलतात, ठाणं तेच

पुढची सात वर्षं म्हणजे कंपनीच्या पॉलिसीचा सावळा गोंधळ. कलकत्त्याने सुरतेचा तह अमान्य केला आणि १७७६ मध्ये पुरंदरला नवीन तह केला. त्यात दादांना सोडून दिलं, साष्टी मात्र सोडली नाही. १७७९ च्या जानेवारीत दादांना घेऊन पुण्यावर निघालेली इंग्रज फौज वडगावला अशी कोंडली गेली की साष्टी परत देण्याचं लिहून द्यावं लागलं. सुटून आल्यावर मुंबईकर साहेबांनी ते कबूलच केलं नाही!

१७८० मध्ये लढाई आपल्या अंगणात आली. इंग्रजांनी कल्याण घेतलं, कॅप्टन कॅम्पबेलला तिथे बसवलं. कल्याण परत घ्यायला नानांनी मोठी फौज धाडली. मराठ्यांनी बाहेरची एक चौकी मारली, जिवंत राहिलेल्या अधिकाऱ्याकडून शरण या, नाहीतर कैदी मारू, असं पत्र लिहून घेतलं. कॅम्पबेलने हिंमत असेल तर शहर घ्या अशा अर्थाचं उत्तर दिलं. मे महिन्यात, अगदी शेवटच्या घटकेला, कर्नल हार्टलीची कुमक पोचली. त्याच वर्षी मलंगगडालाही वेढा पडला. खालचा भाग इंग्रजांनी घेतला, वरच्या लोकांनी वरचा टप्पा काही सोडला नाही. आपण जिथे वीकेंडला ट्रेक मारून सेल्फी काढतो, तिथेच.

१७८२ मध्ये सालबाईला शेवटचा तह झाला. कल्याण पेशव्यांना परत मिळालं, साष्टी कंपनीकडे राहिली, दादांना महिना पंचवीस हजारांची पेन्शन. पुढच्याच वर्षी ते कोपरगावला वारले. गादी मिळाली नाही ती नाहीच. आणि आपल्या कळव्याच्या खाडीची झाली इंटरनॅशनल बॉर्डर. अलीकडे कंपनी सरकार, पलीकडे पेशवे. डोंबिवलीहून ठाण्याला जाणारा माणूस तेव्हा परदेशात जात होता. तब्बल पस्तीस वर्षं.

ही बॉर्डर कामालाही आली. सवाई माधवराव १७९५ मध्ये शनिवारवाड्यात वरून पडून गेला आणि वर्षभराने गादीवर आला कोण? धारला जन्मलेला दादांचा मुलगा, दुसरा बाजीराव! त्याचा लाडका त्रिंबकजी डेंगळे एका खुनाच्या प्रकरणात ठाण्याच्या किल्ल्यात कैद झाला. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले होते, म्हणजे फितुरी नको. सांगतात, एक मोतद्दार रोज घोडा खरारा करत खिडकीखाली गाणी म्हणायचा. गाण्यात पळण्याचा अख्खा प्लॅन होता आणि पहारेकऱ्यांना मराठीचा गंध नव्हता. सप्टेंबर १८१६ च्या एका रात्री त्रिंबकजी भिंतीतून निसटला आणि खाडी ओलांडून पलीकडे गेला. त्याचा राग काढत इंग्रजांनी जून १८१७ मध्ये बाजीरावाकडून नवा तह लिहून घेतला. त्यात उत्तर कोकण गेलं, म्हणजे आपलं कल्याणही. बॉर्डर पुसली गेली. १८५४ मध्ये ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंत रेल्वे आली, ती याच खाडीवर पूल टाकून.

मी हे सगळं वाचून ठाण्याला गेले. जेलच्या दगडी भिंतीकडे बघत उभी होते तर पहाऱ्यावरच्या हवालदारांनी काय काम आहे म्हणून विचारलं. म्हटलं, काही नाही, किल्ला बघतेय. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून मी लवकर निघाले.

परतीच्या गाडीत बिल्डरच्या माणसाचा मेसेज होता, ‘मॅडम, कधी भेटू या?’ त्याला उत्तर दिलं नाही. खाडीचा पूल आला तसा काकाला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

रिंग वाजत राहिली. मग त्याचा आवाज आला. “बोल गं.”

“काका,” मी म्हटलं, “यंदा मूर्तीची ऑर्डर दिलीस का?”

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. गाडी कळव्यात शिरली, मला वाटलं रेंज गेली.

“अजून नाही दिली,” तो म्हणाला. “तुझ्या बाबाने दिली का?”