आवटी साहेब आणि अल्बट्रॉस

पोरांनो, इंजिनाशिवाय, नुसत्या वाऱ्याच्या जोरावर माणूस एकट्याने पृथ्वीला फेरी मारून येऊ शकतो का, असं तुम्ही विचारलंत. येऊ शकतो. आपल्या देशातला पहिला माणूस तर इथूनच, मुंबईतून निघाला आणि इथेच परत आला. पण ती गोष्ट सांगायची तर आधी एका म्हाताऱ्या नौसैनिकाची सांगायला हवी, आणि त्याच्यासोबत एका पक्ष्याचीही.

त्याआधी आपलं समुद्राशी नातं काय ते बघा. करी रोडच्या पुलावर उभं राहिलं की हल्ली टॉवरच दिसतात. समुद्र कुठेतरी वरळीच्या बाजूला आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असं तुम्हाला वाटतं. पण अडीचशे वर्षांपूर्वी इकडे परळचं बेट होतं, तिकडे वरळीचं, आणि मधल्या सखल जागेत भरतीचं पाणी शिरायचं. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली खिंड इंग्रजांनी बांध घालून बुजवली, तेव्हा कुठे ही जमीन हळूहळू कोरडी झाली. तरी समुद्राने हक्क सोडलेला नाही. मोठी भरती आणि धो धो पाऊस एकाच वेळी आले की हिंदमाताला पाणी का तुंबतं? पावसाचं पाणी ज्या तोंडातून समुद्रात जायचं, तीच तोंडं भरतीच्या पाण्याखाली गेलेली असतात. आणि तुमचे पणजोबा? तेही समुद्रावरूनच आले. कोकणातून आगबोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले आणि थेट गिरणीत लागले.

मी स्वतः नेव्हल डॉकयार्डात फिटर होतो. तिथे व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांचं नाव आम्ही आदराने घ्यायचो. साहेबांचा जन्म 1927 चा. 1971 च्या युद्धात ‘कामोर्टा’ या पाणबुडीविरोधी युद्धनौकेचे ते कप्तान होते, बंगालच्या उपसागरात. त्या कामगिरीसाठी त्यांना वीरचक्र मिळालं. पुढे खडकवासल्याच्या एनडीएचे प्रमुख झाले, मग मुंबईच्या पश्चिम नौदल कमांडचे. 1983 मध्ये निवृत्त झाले आणि पत्नीसह फलटणजवळ विंचुर्णी नावाच्या लहानशा गावात राहायला गेले. समुद्रापासून इतक्या लांब! तिथे झाडं, घोडे, कुत्री यांच्यात रमले. वाघांच्या भवितव्यावर पुस्तक लिहिलं. युद्धात तोफा चालवलेल्या माणसाला जंगलाची एवढी कळकळ असावी, हे मला फार मोठं वाटतं.

पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. गंमत बघा, जगात ज्या नौकेतून पहिल्यांदा एका माणसाने न थांबता ही फेरी पूर्ण केली, ती ‘सुहेली’ मुंबईतच कुलाब्याला बांधलेली होती. सागवानी लाकडाची, आपल्या सुतारांच्या हातची. पण 1969 मध्ये तिच्यातून फेरी पूर्ण करणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन इंग्रज होता. आवटी साहेब मात्र मागे हटले नाहीत. 2006 मध्ये नौदलाने त्यांची कल्पना उचलून धरली, तेव्हा ते ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ बांधली, 56 फुटी. ऑगस्ट 2009 मध्ये दोंदे मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणी थांबून मे 2010 मध्ये परतले. तीन वर्षांनी अभिलाष टॉमी कुठेही न थांबता पाच महिन्यांत फेरी मारून आले.

आता वाऱ्याचं बघू. विषुववृत्तावर हवा तापते आणि वर चढते. वर गेलेली हवा दूर जाऊन तीस अंशांच्या आसपास खाली उतरते. तिथून काही विषुववृत्ताकडे परतते, ते व्यापारी वारे. काही ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते, ते पश्चिमी वारे. उत्तर गोलार्धात या वाऱ्यांना खंडं आडवी येतात, डोंगर येतात. दक्षिणेला चाळीस अंशांच्या खाली गेलात की जमीन जवळजवळ नाहीच. वारा पृथ्वीभोवती मोकाट धावतो, लाटा दोन-तीन मजली होतात. खलाशी त्या पट्ट्याला ‘रोअरिंग फॉर्टीज’ म्हणतात. शिडाची नौका मुद्दाम तिथे उतरते, कारण फेरी मारायची तर तोच वारा तिला पाठीवर हवा असतो.

आणि तिथेच तो पक्षी भेटतो. भटका अल्बट्रॉस. पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेतीन मीटरपर्यंत भरतात. आजच्या कुठल्याही पक्ष्याचे पंख इतके लांब नाहीत. तासन् तास उडतो, पण पंख क्वचितच हलवतो. खांद्यातली एक कंडरा पंख उघडाच अडकवून ठेवते, म्हणून स्नायू दमत नाहीत. हवेत तरंगताना त्याच्या हृदयाचे ठोके जवळपास बसल्या जागेइतकेच पडतात.

मग उडण्याचं बळ येतं कुठून? लाटांना घासून जाणारा वारा मंद असतो, दहा-पंधरा मीटर वरचा जोरात. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन वर चढतो. चढताना समोरचा वारा वाढतच जातो, त्यामुळे पंखांखालचा जोर टिकतो. वर पोचला की वळतो, वारा पाठीशी घेऊन खाली झेपावतो, आणि कमावलेला वेग घेऊन पुन्हा खालच्या मंद हवेत शिरतो. परत वर, परत खाली. दोन थरांतल्या वाऱ्याच्या फरकावर तो जगतो. त्याच्या जवळच्या जातीतल्या, करड्या डोक्याच्या एका अल्बट्रॉसने 46 दिवसांत पृथ्वीची फेरी पूर्ण केल्याची नोंद आहे. तहान लागली तर समुद्राचंच पाणी पितो. डोळ्यांवरच्या ग्रंथी जास्तीचं मीठ गाळतात आणि ते खारं पाणी चोचीवरून ठिबकतं.

धाकटी विचारतेय, मग त्याला घर नसतं का? असतं ना! खरी नवलाई तर तीच आहे. पिल्लू एकदा उडालं की काही वर्षं जमिनीला पायच लावत नाही. मग बेटावर परततं, नाचून जोडीदार निवडतं, आणि बहुतेक जोड्या जन्मभर टिकतात. दोन वर्षांतून एकच अंडं. नर-मादी पाळीपाळीने ते सुमारे अकरा आठवडे उबवतात. एक बसतो, दुसरा दोन-तीन आठवडे समुद्रावर. पिल्लू बाहेर आलं की सगळा हिवाळा घरट्यातच बसतं, बर्फात, वाऱ्यात. आईबाप आळीपाळीने हजारो किलोमीटर लांब जातात आणि परत येऊन त्याला भरवतात. खाल्लेल्या माशांचं आणि माखल्यांचं पोटातच दाट तेल होतं. वजनाला कमी, पोसायला जास्त.

तुमचे पणजोबा इथे एका खोलीत कितीतरी जणांबरोबर राहिले, खानावळीत जेवले, आणि दर महिन्याला गावी मनीऑर्डर पाठवत राहिले. गणपतीला आणि शिमग्याला घरी. त्या तेलाची गोष्ट वाचली तेव्हा मला त्यांची मनीऑर्डरच आठवली. नौदलातल्या माणसांचंही तसंच. महिनोन् महिने समुद्रावर, आणि मन घरी. लांब जाणारा माणूस घर विसरतो असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही.

आज हा पक्षी संकटात आहे, हेही सांगायला हवं. ट्यूना पकडायला मैलोन् मैल लांब दोर सोडतात, त्याला हजारो आमिषाचे गळ. आमिष बघून अल्बट्रॉस झेपावतो, गळाला अडकतो आणि बुडतो. जोडीदार बेटावर वाट बघत राहतो. उपाय मात्र आहे आणि साधा आहे. दोर रात्री सोडायचा, त्याला वजन बांधून पटकन बुडवायचा, वर पक्ष्यांना बुजवणाऱ्या फिती लावायच्या. दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ हे नियम काटेकोर पाळले आणि पक्ष्यांचं मरण जवळजवळ थांबलं. बाकीच्या बोटींनी ते न पाळणं मला अक्षम्य वाटतं.

आवटी साहेब नोव्हेंबर 2018 मध्ये विंचुर्णीलाच गेले, वयाच्या 91 व्या वर्षी. त्याच वर्षी मे महिन्यात नौदलाच्या सहा मुली ‘तारिणी’ नावाच्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या होत्या, आणि ते त्यांच्या हयातीत झालं याचं मला समाधान आहे. मग त्याच ‘तारिणी’तून नौदलातल्याच दिलना आणि रूपा या दोघीच निघाल्या, ऑक्टोबर 2024 मध्ये, आणि मे 2025 च्या अखेरीस गोव्याला पोचल्या. ‘तारिणी’ही दिवाडचीच.

तुमच्यापैकी कुणाला शिडाचा दोर हातात घ्यावासा वाटला, तर एनसीसीचा नौदल विभाग आहे, तिथे होडी चालवायला शिकवतात. त्या वयाचे झालात की नाव नोंदवा. आईबाबांशी मी बोलतो.