तडा धरून ठेवणारं लोखंड

बल्लारशाच्या काष्ठ आगारात सागाचे ओंडके ओळीने लावलेले असतात, आणि माहीतगार व्यापारी आधी त्यांचं तोंड बघतो. तोंड म्हणजे करवतीने आडवी कापलेली गोल बाजू. तिच्यावर वनखात्याच्या हातोड्याची खूण असते, नंबर असतो, लांबी आणि घेर लिहिलेला असतो. २०२३च्या मार्चअखेरीस अयोध्येतल्या राममंदिरासाठी सागाची पहिली खेप वाजतगाजत निघाली ती या बल्लारशाहून. जर्मनी-फ्रान्समधल्या बीच नावाच्या झाडाच्या ओंडक्याच्या तोंडावर मात्र आणखी एक वस्तू दिसते, जिची सागाला सहसा गरज पडत नाही. लाकडात खोल ठोकलेला, इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा लोखंडाचा तुकडा. कधी एक, कधी चार-पाच.

वस्तू अगदी साधी. पोलादाची अरुंद पट्टी घ्यायची, तिच्या एका कडेला धार काढायची आणि ती एसच्या वळणात वाकवायची. धारेची बाजू लाकडाला टेकवून घणाचे घाव घातले की पट्टी सगळीच्या सगळी आत जाते, बाहेर फक्त एसची रेघ उरते. कुठे ठोकायचं यात मात्र कसब आहे. भेग गाभ्यापासून सालीकडे धावते, म्हणून एस तिला आडवा पडला पाहिजे. ऐन गाभ्यात ठोकला तर तो स्वतःच पाचरीचं काम करतो आणि जी भेग टाळायची तीच उघडून देतो. फार कडेला ठोकला तर साल आणि कच्चं लाकूड सोलवटून निघतं.

सरळ पट्टी का चालत नाही? तिला धरायला काही नसतं. भेग रुंदावू लागली की दोन्ही बाजूंचं लाकूड पट्टीवरून घसरत निघून जातं. एसची दोन वळणं भेगेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या लाकडाला आकड्यासारखी अडकतात. भेगेला उघडायचं असेल तर आधी पोलादाचं वळण सरळ करावं लागतं, आणि ते सोपं नाही. याच कुळातला सी आकाराचाही एक तुकडा आहे.

तरीही हे लोखंड भेग पडूच देत नाही, हा समज चुकीचा. भेग पडतेच. एस तिला रुंद होऊ देत नाही आणि ओंडक्याच्या लांबीत आत पळू देत नाही, एवढंच. वखारीत हे ‘एवढंच’ फार महाग असतं. दोन्ही तोंडांना फूट-फूटभर आत गेलेली भेग म्हणजे आठ फुटी ओंडक्यातलं दोन फूट लाकूड सरपणात.

भेग अटळ का, हे समजायला थोडा हिशेब करावा लागतो. लाकूड वाळताना सगळ्या दिशांनी सारखं आक्रसत नाही. लांबीत ते जवळजवळ आक्रसतच नाही. गाभ्यापासून सालीकडे थोडं आक्रसतं आणि वलयांच्या दिशेने, म्हणजे घेरात, त्याच्या साधारण दुप्पट. सागाचे आकडे असे: ओल्यापासून पार कोरडं होईपर्यंत त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.५ टक्के, घेरात सुमारे ५.८ टक्के. आता ६० सेंटीमीटर व्यासाचा ओंडका घ्या. त्याचा घेर १८८ सेंटीमीटर. घेराला आक्रसायचंय जवळपास ११ सेंटीमीटर, पण आतली त्रिज्या त्याला पावणेपाच सेंटीमीटरच आक्रसू देते. उरलेले सहा सेंटीमीटर जायचे कुठे? ते भेगांमध्येच जातात. सगळा ताण एकाच भेगेने घेतला तर ती सालीपाशी चार बोटं रुंद होईल. उघड्या हवेत लाकूड पार कोरडं होत नाही, म्हणून प्रत्यक्षात हा आकडा कमी भरतो, तरी साडेतीन-पावणेचार सेंटीमीटरच्या घरात राहतो. आणि हे झालं सागाचं, ज्याची गणना गुणी लाकडांत होते. बीचमध्ये हेच दोन्ही आकडे दुपटीच्या आसपास आहेत. युरोपात एस तिथेच जास्त का दिसतो, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे.

दुसरी अडचण तोंडाची. लाकडातल्या नळ्या झाडाच्या उंचीत उभ्या असतात, त्यामुळे पाणी आडवं जितक्या वेगाने निघतं त्याच्या दहा-पंधरा पट वेगाने तोंडातून निघून जातं. आतलं लाकूड ओलंच असतं आणि तोंडाचा वीतभर भाग वाळून आक्रसायला लागतो. आतलं लाकूड त्याला आक्रसू देत नाही, मग तोंड फाटतं. यावर लोखंडापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे तोंड बंद करणं. जगभरच्या लाकूडतोड्यांनी हाताला लागेल ते फासून पाहिलं आहे: शेणमाती, चुना, डांबर, उरलासुरला रंग. आता मेणाचं दुधासारखं पांढरं द्रावण मिळतं. ब्रशने लावलं की पाणी उडून जातं आणि मेणाचा पारदर्शक थर मागे राहतो. अमेरिकेत बफेलोच्या यूसी कोटिंग्ज कंपनीचं अँकरसील त्यातलं सर्वांत ओळखीचं नाव. आपल्याकडे लाकूड वाळवण्यासाठी आयएस ११४१ हे भारतीय मानक आहे. कोणतं लाकूड किती तडकतं यावरून त्यात लाकडांचे तीन वर्ग पाडलेत, आणि तोंडाला लेप देण्याचं कामही त्यात आलंच आहे.

लेप लावायची वेळ मात्र कोणी पाळत नाही. झाड पाडलं, ओंडके केले, ट्रक चार दिवसांनी आला, वखारीत आठवडाभराने कोणाला तरी आठवण झाली. तोवर बारीक चिरा आत शिरलेल्या असतात, आणि त्यांच्यावर मेण फासणं म्हणजे वरातीमागून घोडं.

काही झाडांपुढे तर मेणही हात टेकतं. निलगिरीचं झाड उभं असतानाच आतून ताणलेलं असतं: बाहेरचं लाकूड लांबीत खेचलेलं, गाभ्याकडचं दाबलेलं. झाड उभं आहे तोवर हे दोन्ही ताण एकमेकांना तोलून धरतात. करवतीने आडवा काप दिला की तोल गेला. मग वाळायची वाटही न पाहता, कधीकधी काही मिनिटांत, ओंडका तोंडापासून फुटत जातो आणि फुटताना आवाजही करतो. १९८०च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या लाटेत बांधाबांधांवर निलगिरी लागली. पुढे ती फळ्यांसाठी कापायला गेलेल्यांना हा अनुभव आला. बीचमध्येही हा ताण असतो. युरोपात एस तिथेच जास्त का दिसतो, त्या उत्तराचा उरलेला अर्धा भाग तो. अशा झाडाला लोखंड लागतं, आणि ते काप दिल्याबरोबर लागतं. म्हणून युरोपातले तोडकरी एसची पिशवी कमरेलाच बाळगतात.

या लोखंडाचं एक मोठं गिऱ्हाईक होतं ते रेल्वे. ब्रॉडगेजचा लाकडी स्लीपर म्हणजे २७५ सेंटीमीटर लांब, २५ रुंद आणि १३ जाड असा साल, देवदार किंवा सागाचा ठोकळा. तो उन्हापावसात पडून राहणार, वरून गाड्या जाणार आणि रुळाचे खिळे त्यालाच धरणार. टोकाला तडा गेला की दोन गोष्टी होतात. खिळा ढिला पडतो, आणि क्रिओसोटचं औषध न पोचलेल्या आतल्या लाकडापर्यंत पावसाचं पाणी पोचतं. बाहेरून धडधाकट दिसणारा स्लीपर आतून कुजतो तो असा. म्हणून स्लीपरची टोकं बांधून घ्यायची रीत पडली: कधी एस किंवा सी ठोकून, कधी टोकाभोवती लोखंडी पट्टी आवळून. काँक्रीटचे स्लीपर आल्यावर आपल्या रुळांखालून लाकूड जवळपास हद्दपार झालं. जुने स्लीपर भंगारातून सुटून बंगल्यांची बाकं आणि टेबलं झाले. अशा एखाद्या टेबलाच्या टोकाला गंजलेली वळणदार रेघ दिसली तर ती नक्षी समजू नये.

अमेरिकेत रुळांखाली अजूनही दहातले नऊ स्लीपर लाकडाचेच आहेत, त्यामुळे तिथे ही कला पुढे गेली. एसची जागा दात्यांच्या पत्र्याने घेतली. त्या पत्र्याचा जन्म मात्र घरबांधणीतला. फ्लोरिडात १९५५ मध्ये जॉन कॅल्विन ज्युरेट यांनी छपराच्या कैच्यांसाठी गँग-नेल प्लेट काढली. पत्र्यातच ठोके मारून शेकडो दाते उभे करायचे आणि सगळा पत्रा एका दाबात लाकडात बसवायचा, वेगळा खिळा नकोच. तसाच पत्रा स्लीपरच्या टोकाला बसतो. यातली खरी करामत यंत्राची आहे. ते आधी हायड्रॉलिक दाबाने स्लीपरची बाजू आवळतं, पडलेली भेग मिटवतं, आणि ती मिटलेली असतानाच पत्रा दाबून बसवतं. एस घणाने ठोकणाऱ्याला ही चैन कधी मिळाली नाही, भेग जेवढी उघडली असेल तेवढ्यावर त्याला भागवावं लागे.

लोखंडाचे दोष आरागिरणीत उघडे पडतात. ओंडका पट्टीकरवतीवर चढला, एस काढायचा राहिला, की पातं गेलं. दाते उडतात, आणि पातं तुटून सुटलं तर माणसालाही इजा होते. बांधावरच्या बाभळीत कुंपणाची तार आणि जुने खिळे गाडले गेलेले असतात, हे गिरणीवाल्याला माहीत असतं. म्हणून शेतातलं लाकूड तो जरा संशयानेच घेतो. दुसरा दोष डागाचा. ओकसारख्या टॅनिनवाल्या ओल्या लाकडात लोखंड राहिलं की त्याच्याभोवती निळा-काळा डाग पसरतो. हिरड्याच्या पाण्यात लोखंडाचा कीस घालून जी काळी शाई होई, तीच ही रासायनिक क्रिया. या दोन्ही दोषांमुळे प्लॅस्टिकचे एस आले. ते हिरवे-लाल असतात, घणाने लाकडात शिरण्याइतके कडक असतात आणि करवतीला लागले तर निमूट कापले जातात. पकड पोलादाइतकी नाही, पण ओंडका गिरणीपर्यंत पोचेतो ती पुरते.

भेगेशी भांडायचंच नाही, असं ठरवणारेही कारागीर आहेत, आणि ते जास्त हुशार वाटतात. जपानी सुतार गाभ्यासकट अख्ख्या खोडाचा खांब करतात, तेव्हा त्याच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत, थेट गाभ्यापर्यंत, स्वतःच करवतीचा काप देतात. याला सेवारी म्हणतात. कापात पाचरी मारून तो उघडा ठेवतात. खांब वाळताना जे आक्रसायचं ते सगळं या कापात जमा होतं आणि उरलेल्या तीन बाजू स्वच्छ राहतात. कापाची बाजू भिंतीकडे वळवली की काम झालं. पखवाज-तबल्याचं खोड ओलं असतानाच ढोबळ पोकळ करून मग वाळत ठेवतात, त्यातही हाच विचार आहे: भांडण लावणारा गाभाच काढून टाकायचा.

जॉर्ज नाकाशिमा यांनी तर भेग दाखवायलाच ठेवली. हे जपानी वंशाचे अमेरिकन कारागीर १९३०च्या दशकाच्या अखेरीस पाँडिचेरीत अरविंद आश्रमाच्या गोलकोंडे या वसतिगृहाच्या बांधकामावर होते, आश्रमात त्यांना सुंदरानंद हे नाव मिळालं. पुढे १९६०च्या दशकात अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेतही त्यांनी काम केलं. त्यांच्या टेबलांच्या फळ्यांत मोठमोठ्या भेगा तशाच असतात, आणि त्यांवर आडवा बसवलेला डमरूच्या आकाराचा गडद लाकडी तुकडा. तो तुकडा करतो काम एसचंच, फक्त लपत नाही.

सागाला हे सगळं फारसं का लागलं नाही, याचं कारण लाकडाच्या गुणात आहे तसं जुन्या तोडीच्या रीतीतही आहे. ब्रह्मदेशात आणि मलबारात साग थेट पाडत नसत. बुंध्याभोवती साल आणि कच्चं लाकूड कापून कड्यासारखी खाच पाडायची, झाड उभ्या उभ्या मरू द्यायचं आणि दोन-तीन वर्षं तसंच सोडायचं. ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो. नदीतून ओंडके वाहून न्यायचे तर हे करणं भागच होतं. पण त्याचा एक फायदा आपोआप मिळाला. उभ्या झाडाला कापलेलं तोंडच नसतं, त्यामुळे पाणी सगळीकडून सारखं आणि सावकाश निघतं. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने ज्या सागावर जहाजं बांधली तो मलबारचा. त्यातलं १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे.

आज दोन-तीन वर्षं थांबायला कोणाला वेळ नाही, आणि बऱ्याच लाकडाला थांबायची गरजही उरलेली नाही. हरियाणातल्या यमुनानगरच्या प्लायवूड कारखान्यांत शेतातले पॉपलरचे कोवळे ओंडके ओलेच येतात आणि यंत्रावर फिरवून त्यांची पातळ पापुद्र्यासारखी सोलपटं काढली जातात. ओंडका उरतच नाही, तर तडकणार काय? एस आता उरला आहे तो जाड, महाग लाकडापुरता. परसातला फणस किंवा बांधावरचा शिसव दाराच्या चौकटीसाठी तोडणाऱ्याचं काम तर त्याच्याशिवायही भागतं. तोडीच्या दिवशीच दोन्ही तोंडांवर, आणि सालीवर चार बोटं खालपर्यंत, मेण किंवा डांबर फासायचं. ओंडका जमिनीपासून उचलून सावलीत ठेवायचा. शक्य तितक्या लवकर तो गाभ्यातून उभा चिरून घ्यायचा आणि फळ्यांची थप्पी मध्ये पट्ट्या घालून रचायची. फळीच्या जाडीच्या दर इंचाला वर्षभर वाळवण, असा ढोबळ हिशेब कारागीर धरतात, त्यामुळे दोन इंची चौकटीचं लाकूड पुढच्या नव्हे, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात रंध्याखाली घ्यावं.